योगीराजची बदली

चारठाणा,
ता. २४ एप्रिल २०२४

चि. रंजीस दादाचा मनापासून आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र पोचलं. फोन का उचलत न्हाई म्हणून रागावलीस. अगं, तोफांजवळ उमर गेली, फोनवर मला नुसती माशी गुणगुणल्यागत ऐकू येतंय. तू आपली लिहीत जा. मास्तरीणबाईचं अक्षर वाचायला बी बरं वाटतंय.

कानाच्या नव्या मशीनसाठी परवा माजी सैनिकांच्या दवाखान्यात जाऊन आलो. गर्दी लय. उन्हानं पत्रा तापला होता, पंखा गरम वारा फेकायला होता. बाकड्यावर माज्या शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. अंगात जाड लष्करी कोट, कानावरून मफलर, पायात गुडघ्याला लागतील असे बूट. एवढ्या उन्हाळ्यात. ताप असंल म्हणून मी जरा सरकून बसलो.

रंजी, त्यानं हळू आवाजात विचारलं, माज्या मंडळीला इथलं कार्ड मिळंल का. आन् मला शब्द न् शब्द ऐकू आला. माजी जुनी मशीन तर बंद पडून खिशात होती. मी सांगितलं, पेन्शनवाल्याच्या बायकोला मिळतंय, आन् तो गेला असंल तर विधवेला बी मिळतंय. कार्ड असलं की इथून चिठ्ठी घेऊन मोठ्या दवाखान्यात आपरेशनसुद्धा होतंय. विधवा म्हणल्यावर त्यानं मफलर घट्ट आवळला. मग म्हणाला, वालूरला मनकर्णा म्हणून हाय, मारुतीच्या पाराजवळ घर. तिला दम लागायलाय, जिना चढंना झालाय. तेवढं तिला सांगा.

तुमीच का सांगत न्हाई, मी म्हणलं. तर म्हणतो, "मला सुट्टी न्हाई."

तेवढ्यात माजा नंबर लागला. डॉक्टरकडून परत आलो तर तो गेलेला, आन् तो बसला होता तिथलं बाकडं गार पडलेलं. हाताला चटका बसावा असं गार.

मशीन पुढच्या महिन्यात मिळंल. जावईबापूंना नमस्कार. तुजी माया अशीच राहू दे.

तुजा,
महालिंग दादा

•

परभणी,
ता. २ मे २०२४

तीर्थरूप दादास, रंजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. उन्हात उपाशीपोटी एस.टी.नं गेला असशील, घेरी आली असेल. ताक पीत जा. वहिनी असत्या तर तुला टोपीशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता.

राहिला तो कोटवाला. माणूस म्हातारा झाला की त्याला भर उन्हातही थंडी वाजते. आमच्या कॉलनीतले बन्सीधर काका मे महिन्यात स्वेटर घालून फिरतात, त्यांना कुणी भूत म्हणत नाही. पण निरोप निरोपच असतो. ती बाई खरंच आजारी असली तर? जिंतूरला गाडी बदलून वालूरला जाऊन ये. लवकर गेलास तर ऊन चढायच्या आत घरी येशील.

ह्यांचा गुडघा बरा आहे. कुरडया झाल्यात, तुझ्या वाट्याच्या बाजूला ठेवल्यात. आठवण ठेवतोस, ती ठेवतच राहा.

तुझी,
शिवरंजनी

•

चारठाणा,
ता. १३ मे २०२४

चि. रंजीस आशीर्वाद. वि. वि.

वालूरला जाऊन आलो. मनकर्णाबाई हाय. साठीच्या आतबाहेरची, कपाळाला ठसठशीत कुंकू. ओट्यावर मिरच्या निवडत बसली होती. चार वाक्यं बोलली की थांबून श्वास घेती. व्हट निळे पडलेत. मी कुठून आलो आन् कुणाचा निरोप ते सांगितलं, तर न दचकता म्हणाली, तुमी तिसरे. आधी सेलूचा एक रिटायर ड्रायव्हर आन् मंठ्याकडचे एक सुभेदार असाच निरोप घेऊन येऊन गेलेत.

मग तिनं आतून फोटो आणून दाखवला. योगीराज, तिचा नवरा. पंचविशीचा पोरगा, मिशी नुकती फुटलेली. लगीन होऊन वरीस झालं न्हाई तोवर वर ग्लेशियरवर ड्यूटी लागली. चौकीवर पहाऱ्याला उभा असताना बर्फ कोसळला. देह सापडला न्हाई. सासऱ्यानं कागदांवर तिच्या सह्या घेतल्या, पेन्शन लागली. पण विधवा हा शब्द तिनं आजवर तोंडातून काढलेला न्हाई.

फोटो उजेडाकडं धरून बघितला. डोळे तेच, डाव्या भुवईवरचा व्रण तोच. पण रंजी, मी तर म्हातारा बघितला होता.

ते आता कसे दिसतात, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायली. केस पिकलेत का? मी म्हणलं, पार पांढरे झालेत. दात? पुढचा एक पडलाय. पाठीत वाकलेत का? जरासे. हे ऐकून तिचं तोंड असं उजळलं की मला बघवंना. म्हणाली, मेलेला माणूस म्हातारा होत न्हाई दादा. माज्यासंगं त्यांचं बी वय वाढायलंय. मग मी कार्डासाठी विधवा म्हणून कशी उभी राहू?

च्या पिऊन उठलो. तेव्हापासून जेवण गोड लागंना.

जपून राहा.

दादा

•

परभणी,
ता. १९ मे २०२४

तीर्थरूप दादास, रंजीचा नमस्कार. वि. वि.

आता हसत नाही. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, ते उठून देवापुढे जाऊन बसले. माझं ऐक, त्या बाकड्यावर पुन्हा बसू नकोस. मशीन मी आणवून देईन.

पण त्या बाईला मरू द्यायचं नाही. ओळखीच्या डॉक्टरांना लक्षणं सांगितली. हृदयाची झडप असावी म्हणतात, उशीर नको. यावर सोपा रस्ता आहे. सैनिकांचंच कार्ड हवं असं कुठंय? राज्याची योजना आहे, रेशनकार्ड आणि आधारवर मोठी ऑपरेशनं होतात. तिथं कुणी नवरा आहे की नाही विचारत नाही. तिला कुंकवासकट नेते, कुंकवासकट परत आणते. तिला तिचा शब्द राखू दे. तिला घेऊन परभणीला ये, माझ्याकडेच उतरेल.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
शिवरंजनी

•

चारठाणा,
ता. ३० मे २०२४

चि. रंजीस आशीर्वाद. वि. वि.

तू नको म्हणलीस तरी मी गेलो. मशीन घ्यायचं निमित्त होतं. तो त्याच जागी होता. ह्या बारीला मी न घाबरता निरखून बघितलं. भुवयांवर बारीक पांढरं साठलेलं, वितळत न्हवतं. दात वाजायले होते. बाहेर डांबर पातळ झालेलं आन् हा माणूस काकडायला होता.

मी त्याला तुजी योजना सांगितली. मनकर्णा दुसऱ्या कार्डावर बरी हुईल, तुमी काळजी सोडा. त्यानं मान हलवली. बरी झाली म्हणजे बास, म्हणाला. मग मी विचारलं, तुमचं काय? लय वेळ त्यानं आपल्या बुटांकडं बघितलं. मग बोलला, "बदली आल्याबिगर पहारा सोडता येत न्हाई. आन् घरच्यांनी सोडल्याबिगर बदली येत न्हाई."

रंजी, मी बी पहारे केलेत. पुढचा पहारेकरी, बदलीवाला, यायला घटकाभर उशीर झाला तर काय वाटतंय ते मला ठावं हाय.

तिथून तसाच वालूरला गेलो. तिला दोन्ही वाटा सांगितल्या. रेशनकार्डाच्या वाटेनं गेलीस तर तू बरी हुशील आन् ते बी तुज्याजवळ राहतील, जसे हायत तसे. काकडत. विधवा म्हणून कार्ड घेतलंस तर बी बरी हुशील, आन् त्यांची बदली हुईल. काही लपवलं न्हाई, काही सुचवलं बी न्हाई. तिनं फक्त विचारलं, पायात बूट हायत का अजून? हायत म्हणलं, पहाऱ्यावर ते काढता येत न्हाईत. तिनं पदर तोंडाला लावला. जाताना म्हणाली, बहिणीला सांगा, मी सैनिकाच्याच दवाखान्यात येती.

मला ऊन बाधलंय, अंथरुणावर पडून हाय. तू तिच्यासंगं जा. मी कधी तुला काही मागितलं न्हाई.

दादा

•

परभणी,
ता. ११ जून २०२४

तीर्थरूप दादास, रंजीचा नमस्कार. वि. वि.

काल मनकर्णाबाईंना घेऊन गेले होते. घडलं तसं लिहिते.

गाडीत त्या कागदांची पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. दवाखान्यात कार्डाच्या खिडकीवर उभ्या राहिल्या, मी त्यांचा दंड धरून बाजूला होते. कारकून भला माणूस. कागद चाळून त्यानं विचारलं, योगीराज यांच्या तुम्ही कोण? बाईंनी पदर सारखा केला. त्यानं पुन्हा विचारलं. तेवढ्यात माझ्या पाठीला गारवा लागला. देवघराच्या फरशीचा नव्हे, बर्फाच्या कारखान्याचं दार उघडल्यावर लागतो तसा. मी वळून पाहिलं.

दादा, तू लिहिलंस तसाच होता. बाकड्यावर. लोक त्याच्या दोन्ही अंगाला जागा सोडून बसले होते, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. बाईंच्या पाठीकडे पाहत होता.

बाईंना गारवा कळला असणार, त्यांच्या दंडावर काटा उभा राहिला. मला वाटलं आता त्या वळतील. त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीची कड घट्ट धरली आणि सरळ कारकुनाकडे बघत म्हणाल्या, "मी त्यांची विधवा."

तो म्हातारा खाली वाकला. सावकाश, बोटं आखडलेला माणूस सोडतो तशी त्यानं बुटांची नाडी सोडली. एक बूट काढला, मग दुसरा. अनवाणी पाय गरम फरशीवर टेकवले आणि डोळे मिटले. कारकुनानं माझ्याकडे सही मागितली. पुन्हा पाहिलं तेव्हा तिथं एक शीख आजोबा पेपर वाचत बसले होते.

कार्ड येईपर्यंतची पावती मिळाली, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठीही. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मी सोबत राहते आहे.

घरी येऊन खूप रडले, का ते सांगता येत नाही. औषध वेळेवर घे.

तुझी,
रंजी

•

वालूर,
ता. २० ऑगस्ट २०२४

महालिंग दादास मनकर्णाचा दंडवत. इनंती ही की,

मी सातवी शिकलेली हाय, अक्षराला हसू नका. आपरेशन बरं झालं. आता जिना चढती, दळण बी आणती. ताईंनी लेकीवानी केलं. दवाखान्यात माजा एक पैसा गेला न्हाई. निरोप घेऊन तुमच्याबी आधी आलेल्या दोघांना मी बरी हाय म्हणून कळवलंय. आता कुणी निरोप घेऊन येत न्हाई.

ताईंनी मला सांगितलं न्हाई, पण मला ठावं हाय, त्यांनी मागं वळून बघितलं. मलाबी कळलं हुतं ते मागं बसलेत ते. लगीन झाल्यापासून मी त्यांना एकदाच डोळं भरून बघितलं, गाडीत बसताना. त्या दिवशी नुसती मान वळवायची हुती, दादा. म्हातारे कसे दिसतात ते बघायचं हुतं. पण वळली असती तर तो शब्द तोंडातून निघाला नसता.

म्हणून वळली न्हाई.

गणपतीला ताईंना घेऊन या. बहीण समजून जीव लावलात, तो कमी करू नका.

तुमची,
मनकर्णा