बिनचुलीच्या घराची व्यवस्था

मी, समता रामराव उमाळे, वय एकोणतीस, व्यवसाय आर्किटेक्ट, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, विचार करून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट हे लिहू नये म्हणून आईने माझ्याशी अबोला धरला आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक सगळे ठीक होईल. त्या ‘बहुतेक’च्या बाहेर जे उरते, त्याच्यासाठी हा कागद.

१. माझी मिळकत म्हणजे मौजे सोनाळा येथील एक एकर बरड जमीन, वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली, आणि तिच्यावर मी माझ्या कमाईतून बांधलेले घर. उत्तरेस जंगलाची हद्द व तिच्यामागे डोंगर, दक्षिणेस वडिलांची संत्री, पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडवाट. घरासाठी जमीन सपाट केलेली नाही. उतार होता तसा ठेवून घर त्याच्यावर टप्प्याटप्प्याने बसवले. पळस तोडायचा नव्हता म्हणून ओसरीचे छप्पर त्याच्याभोवती वळवले. दगड याच जमिनीतला, काम गवंडी सईदभाईंचे. कुंपण घातलेले नाही, कारण रोही, म्हणजे नीलगाई, नाल्यावर जातात ती वाट अंगणातून आहे आणि घरापेक्षा जुनी आहे. वडिलांना हे अजून पटलेले नाही. ती वाट माझ्या पश्चातही मोकळी ठेवावी.

२. या घरात स्वयंपाकघर नाही. ते विसरून राहिलेले नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते, कारण गावात तसेच सांगितले जाते.

नागपूरच्या ऑफिसात असताना मी शहरातल्या लोकांची सुट्टीची घरे काढत असे. प्रत्येकाला निसर्ग घरात हवा असायचा. बैठकीला काच, निजायच्या खोलीला काच, न्हाणीवर उघडे आभाळ. स्वयंपाकघर तेवढे मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. तिथे उभी राहणारी बाई मात्र त्याच गावची असायची. माझ्या आईचे, सौ. सरस्वतीबाईंचे, आई-वडील गेले तेव्हापासून ती कुठेही चार दिवस राहायला गेलेली नाही. म्हणून मी तिच्यासाठी सुट्टीचे घर काढले आणि त्यातून चूल वगळली.

घर पुरे झाले त्या दिवशी ती सगळीकडे फिरली आणि म्हणाली, “आन चूल कुठी मांडू?”

चूल नाही, म्हणून सांगितले.

“मंग मी इथी करू काय?”

“काहीच नको करू.”

“ते मले येत नाही, बाई.”

तेव्हापासून ती येते, झाडते, पुसते आणि दिवेलागणीच्या आत गावात परत जाते. एक रात्रही राहिलेली नाही.

३. माझा भाऊ ऋत्विक याचे म्हणणे, मागे स्वयंपाकघर काढू आणि जंगल पाहायला येणाऱ्यांना खोल्या देऊ. मला म्हणाला, “मायच्या हातचं पिठलं-भाकर खायले लोकं पुण्याहून येतील, ताई.” तो वाईट नाही, आणि त्याचे खरेही आहे. लोक नक्की येतील. त्याचीच मला भीती आहे. मी नसले तर माझ्याच घरात आई परक्यांच्या भाकरी थापत उभी राहील.

म्हणून माझ्या पश्चात जमीन आणि घर आईच्या एकटीच्या मालकीचे राहील. ती आहे तोवर तिथे स्वयंपाकघर बांधू नये, घर भाड्याने देऊ नये. ती स्वतः “बांधा” म्हणाली तरी बांधू नये. ती दुसऱ्या कोणासाठी तरी म्हणत असेल. तिने स्वतःसाठी काही मागितले, तर ते मात्र लगेच द्यावे.

४. माझी स्कूटी ऋत्विकला. आई त्या घरी राहील तितके दिवस त्याने दोन्ही वेळचा डबा त्या स्कूटीवरून पोहोचवावा. डबा आईने आधी करून ठेवलेला नसावा. ऋत्विकला उत्तम खिचडी येते. पुण्याला खोलीवर शिकला, घरी आला की विसरतो.

५. ड्रॉइंगचा बोर्ड, मापाची सगळी यंत्रे आणि पुस्तके सईदभाईंची मुलगी नाजिश हिला. ती खामगावला सिव्हिलचा डिप्लोमा करते आणि माझ्या नकाशातल्या चुका तोंडावर सांगते.

६. काका हिंमतराव चारचौघांत म्हणाले होते, “पोरगी एवढी शिकली आन घरात चूल ठेवाची भुलली. आतमंदी हवा खातीन काय बे?” होय काका, हवाच खायची आहे. त्यांना ओसरीवर बसण्याचा कायमचा हक्क देते. चहा मागण्याचा देत नाही.

७. बँकेतली रक्कम घराच्या डागडुजीसाठी वडिलांनी सांभाळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सईदभाईंनी करावी. कोणी स्वयंपाकाचा ओटा बांधायचे काढलेच, तर गवंडी म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडेच जाईल.

८. इथवर लिहून झाले आणि आज दुपारी आईने अबोला सोडला. काय लिहिलं ते वाच म्हणाली. मी सगळे वाचले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “ते डोंगराकडची खिडकी हाय ना, ते वीतभर खाली घेजो. निजल्यावर नुसतं आभाळच दिसते.”

तू तिथे कधी निजलीस, म्हणून विचारले.

“पुसून झाल्यावर. फरशी वाळेपर्यंत.”

ती खिडकी मी बसलेल्या माणसाच्या उंचीने काढली होती. तरी डोंगराकडची खिडकी वीतभर खाली घ्यावी, खर्च माझ्या खात्यातून. या एका कलमाला माझ्या मृत्यूची वाट पाहण्याची गरज नाही. सईदभाईंनी उद्या सकाळीच हात घालावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, आईलाही वाचून दाखवला, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : सोनाळा
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

(सही) समता रामराव उमाळे

साक्षीदार :
(सही) डॉ. अनुपमा वाघ, वरवट बकाल. लिहून देणार शुद्धीत व समाधानी असल्याचे मी स्वतः पाहिले.
(सही) रुपाली गोविंदा तायडे, शिक्षिका, सोनाळा