दोन दारांचं घर

प्रिय ताई,

तुझी लेक मजेत आहे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आठ दिवसांत तिने माझ्या सुतारकामाच्या दुकानाचा ताबा घेतलाय. मालकीण ती आणि गडी मी. दुपारी खिडकीतून ऊन येतं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहतो आणि ती उरल्यासुरल्या ठोकळ्यांची घरं मांडत बसते. रंधा बाजूला ठेवून मी नुसता बघत राहतो. वेळ कुठे जातो कळत नाही.

तिच्या घरात प्रत्येक खोलीला दोन दारं असतात. बाहुल्या बूट घालूनच झोपतात. खेळताना तिच्या तोंडातून चकार शब्द निघत नाही. बघता बघता मला आपली पलंगाखालची दुनिया आठवली. बुटांच्या खोक्याला तू बाबांच्या ब्लेडने मागचं दार कापायचीस. बाबांची पावलं वाजली की सगळ्या बाहुल्या त्यातून पसार. किती छान वाटायचं तिथे, अर्धवट झोपेत असल्यासारखं. सगळी मुलं असंच खेळतात, अशी माझी समजूत होती. मग एकदा शेजारची पोरं पाहिली. त्यांच्या खेळात बाबा घरी आले की सगळे दाराकडे धावायचे, त्यांच्या गळ्यात पडायला. त्यांना खेळताच येत नाही, असं मी तुला येऊन सांगितलं होतं.

काल मी तिला सहज विचारलं, कोण आलं की या पळतात गं? तिने सगळ्यात मोठा ठोकळा उचलून पुढच्या दाराशी ठेवला आणि हळूच म्हणाली, आई. मग घाईघाईने म्हणाली, पण ती नंतर खूप रडते, मामा.

ताई, खोटं कशाला बोलू, आधी तुझा राग आला, मग रडू आलं. माझ्या वाटचा मारही तूच खाल्लास आणि त्याचं तुझ्या आत काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. भावोजी सोडून गेल्यावर एकटी कशी रेटतेस, तेही नाही. हे पत्र एवढ्याचसाठी की, रविवारी मी तिला परत पाठवणार नाही. तूच इकडे ये. इथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंशी बोललोय, त्या तुम्हा दोघींना भेटतील. वरची खोली झाडून ठेवली आहे. माझ्यावर चिडलीस, वाटेल ते बोललीस तरी ऐकून घेईन. पण तिच्यावर पुन्हा हात उचलू देणार नाही. तुझ्यावरही उचलू द्यायला नको होता, पण तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

तुझाच,
धाकटा