चूल न पाहिलेली राख

६ जानेवारी, सोमवार

शेडच्या मागे नवी भट्टी बसली. लांब, आडवी, नळीसारखी, सावकाश फिरणारी. आमच्या पोलाद कारखान्याची धूळ आता पुरायला ट्रकने जाणार नाही, इथंच भाजणार म्हणे. चौदा वर्षं मी ती धूळ पोत्यांत भरतोय. धुराच्या गाळणीत पडलेली, तपकिरी, पिठाहून बारीक. आम्ही सगळे तिला राखच म्हणतो. तिच्यात आणखी भाजण्यासारखं काय उरलंय?

नव्या इंजिनिअर मॅडम आल्यात – लुंबिनी मॅडम, बिलोलीच्या. तिशीच्या आतल्या. माझ्या जोडीचा श्रीमंत हळूच म्हणाला, "वीरभद्रअप्पा, राखंतून काय काढणार या बाई? अंगारा?"

मॅडमना ऐकू गेलं. "अंगारा न्हाई, जस्त," म्हणाल्या.

८ जानेवारी

राखेत जस्त आलं कुठून? जेवणाच्या सुट्टीत विचारलं. मॅडमनी छताकडं बोट केलं. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर असतो. भंगारात पत्रे येतात, बादल्या येतात, कुंपणाच्या तारा येतात. लोखंड वितळतं तेव्हा जस्त उकळून धुरात वर जातं. गार झालं की धूळ.

"काका, ही राखच न्हाई. राख म्हणजे जळून खाली उरलेलं. हे तर उडून गेलेलं हाय. आपण पकडून ठेवलंय."

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. आमच्या गावच्या शाळेचे पत्रे दोन वर्षांमागं भंगारात गेले. ज्या पत्र्यांखाली मी पाढे म्हटले, त्यांचं जस्त मीच पोत्यात भरलं असेल काय? संध्याकाळी पूजेला बसलो, विभूती लावताना बोट थांबलं. सगळं जळून जे उरतं ते भस्म, असं लहानपणापासून ऐकत आलो. जे जळतच नाही, नुसतं उडून जातं, त्याला काय म्हणायचं?

११ जानेवारी

पहिला घाणा निघाला. धुळीत कोळशाची भुकटी आणि पाणी घालून बोराएवढ्या गोळ्या केल्या. भट्टीत त्या लाल झाल्या की जस्त पुन्हा उडतं, आणि दुसऱ्या गाळणीत पडते पांढरी पूड. मी उभा राहून बघतच होतो. तपकिरी घातलं, पांढरं निघालं. टायरात जाते म्हणे, रंगात, आणखी शुद्ध केली की पायाच्या भेगांच्या मलमात. खाली काळे खडे उरतात, त्यात लोखंड. ते परत आमच्याच मोठ्या भट्टीला.

"शेताच्या खतात बी जातं," मॅडम म्हणाल्या, "पण आधी त्यातलं शिसं काढावं लागतं."

"शिसं?"

"हाय की या धुळीत. म्हणून तर पुरायला पाठवत होते. मास्क लावत जा, काका. रुमालानं भागत न्हाई."

शिसं पोटात गेलं तर काय होतं, विचारलं. रक्तात जातं, हाडांत बसतं. "आन् पोटातल्या लेकराला तर लई वाईट."

लिहूनच टाकतो. मागच्या शिवरात्रीला जळकोटकडं गावी आईजवळ गेलो होतो. घरी गॅस आला, चूल मोडली. आई म्हणाली, "मुगाला लावायला राख न्हाई रे कुठं. भुंगा लागल." दाणे राखेत ठेवले की कीड लागत नाही, आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. मला केवढा आनंद – माझ्याकडं राखेला काय तोटा? पुढच्या खेपेला जमिनीवर सांडलेली धूळ झाडून पिशवीभर नेली. पावसाळा गेला तरी एका दाण्याला भोक पडलं नाही. आईनं तोंडभरून कौतुक केलं.

तिथला मूग दर महिन्याला आमच्याकडं येतो. लेक जया बाळंतपणाला आलीय, दीड महिना झाला. आठवा लागलाय तिला.

१२ जानेवारी

आज मुगाची खिचडी करणार होते. पोट बरं नाही म्हणालो, मुगाचा डबा माळ्यावर लपवला. कुणाला काही सांगितलं नाही.

१३ जानेवारी

मूठभर मूग रुमालात बांधून नेला. मॅडमजवळ पिस्तुलासारखं यंत्र आहे, धुळीवर धरलं की आत काय आहे ते आकड्यांत सांगतं. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. पण म्हणाल्या, "माझी आजी बी राखंतच ठेवायची."

यंत्राला मुगात शिसं दिसलं नाही. माझ्या जिवात जीव आला. पण मॅडम म्हणाल्या, "हे धुळीसाठी हाय, काका. दाण्यावरचं थोडंसं याला कळत न्हाई. ताईचं रक्त तपासा. तुमचं बी."

एक मात्र कळत नाही. दाणा चकाकत होता. ती धूळ माझ्या नखातून आठवडाभर निघत नाही, मुगावरून कशी निघाली?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ हातात घेऊन घरात सांगितलं. तीन दिवस कशानं थांबलो होतो? लाजेनं, दुसरं काय.

जया हसली. "अप्पा, म्हणून डबा माळ्यावर गेला व्हय? मला वाटलं मूगच तुमच्यावर रुसला." हसली, पण हात पोटावर गेला होता. मी तिकडं बघू शकलो नाही.

बायको, पंचफुला, भांडी उचलता उचलता म्हणाली, "चौदा वरसं ह्या राखंचे कपडे मी आपटून राहिले. तवा कुणाला काय आठवलं न्हाई."

१५ जानेवारी

तिघांचं रक्त दिलं. नमुने हैदराबादला जातात. आठ दिवस लागतील.

१९ जानेवारी, रविवार

गावी जाऊन आलो. आईला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"राखंतलं बियाणं असतंय, बाबा. ते पेरायचं. खायच्या मुगाला मी एरंडेल चोळते. पन्नाशीला आलास, एवढं बी ठावं न्हाई?"

नव्हतं ठाऊक. राख आणून देणारा मी, कणगीत हात घालणारी ती. म्हणून दाणा चकाकत होता – तेल होतं ते. मी तिथंच ओट्यावर बसलो आणि हात जोडले.

राख तिनं हातानं कालवलीय, म्हणून तिचं रक्तही तपासायचं. "सत्तर वरसाच्या रगतात काय बघतूस?" म्हणाली. शेवटी तयार झाली.

राख लावलेलं बियाणं आणि उरलेली धूळ, सगळं दुहेरी पोत्यात गच्च बांधून एसटीत पायाशी ठेवलं. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. राख म्हणालो. त्याचा आवाज एकदम उतरला. "गोदावरीला का? कोण गेलं, काका?"

"कोणी नाही," म्हणालो. त्यानं तरी मला खिडकीजवळची जागा करून दिली.

२० जानेवारी

बियाणं मॅडमनी घातक कचऱ्यात वेगळं ठेवलं. माझी पिशवीभर धूळ मात्र गोळ्यांत गेली. संध्याकाळी पांढरी होऊन निघाली असेल. ओळखू कशी येणार?

२३ जानेवारी

आमच्या तिघांचे अहवाल आले, आईचा अजून यायचाय. जयाचं रक्त चांगलं आहे. बाळाची काळजी नको, डॉक्टर म्हणाले.

माझं शिसं जास्त निघालं. ते मी धरूनच चाललो होतो.

पंचफुलाचंही तेवढंच.

कपडे आज मी धुतले. कारखान्यातल्या नळावर.