गोठ्याचं काम

३ फेब्रु., मंगळ.
वाचनालयाच्या रॅम्पचं काम सुरू झालं एकदाचं! चार अर्ज लागले. मी एकोणीस वर्षं सभासद, पण पुस्तकं आणतो भाऊ, त्याच्या आवडीची. तीन पायऱ्या आणि माझी व्हीलचेअर. लोक उचलायला तयारच असतात. पण उचलताना माझी साडी कुठं जाते, ते मलाच ठाऊक. आता आपली आपण आत जायचं, कपाटापुढं बसायचं, हवं ते पुस्तक काढायचं. बस्स.

७ फेब्रु., शनि.
बघून आले. गवंडी रामानाना, नरडाण्याकडचे. गुडघ्यावर बसून सिमेंट घोटत होते. म्हणाले, "ताई, तुन्हासाठे आरसाना मायक करी देस." आरशासारखा गुळगुळीत! मीही "वा नाना!" म्हटलं. गाढवच मी.

१२ फेब्रु., गुरु.
उद्घाटन. अध्यक्ष शेठजींनी रॅम्पवरच नारळ फोडला. पाणी सगळं उतारावर. अर्ध्यात चाकं जागीच फिरली, खुर्ची मागं आली. चौघांनी धरलं, उचललं, आत नेऊन ठेवलं. फोटो नेमका तेव्हाच. टाळ्यासुद्धा. कपाटासमोर होते, पण डोळ्यांत पाणी, एक नाव वाचता येईना. राग राग नुसता.

१३ फेब्रु., शुक्र.
नाना घरी आले. चहा निवला तरी कप तसाच.
"तीस साल व्हयनात, मन्हा कामले कोनी नाव ठेवं नही."
म्हटलं, नाना, वरून खाचा हव्या होत्या, खरखरीत.
"तसं त गोठामा करतस, ताई. ढोरं घसराले नको म्हनीसन. तुन्हासाठे गोठानं काम कसं करू?"
म्हणजे माणसाला येत होतं सगळं! माझा मान राखायला घोटत बसले. इतकं हसले, इतकं हसले... मग तेही हसले. म्हटलं, मला गोठाच करून द्या.

१७ फेब्रु., मंगळ.
नानांनी छिन्नीनं आडव्या खाचा मारल्या. स्वतःच्याच कामावर. शेठजी आले, "अहो, एवढं सुंदर काम खराब करताय!" नानांनी वर पाहिलं नाही. वाईट वाटलं नानांसाठी.

१९ फेब्रु., गुरु.
दु. ४ ला गेले. चाक कुठं घसरलं नाही. पण उतार फार उभा, अर्ध्यात दंड भरून आले. ब्रेक लावला. शेठजी आणि दोघं धावले. नाना आडवे आले, "हात लावू नका."
मग उतार कुठवर लांबवावा लागेल ते हातानं मापत खाली गेले, थेट शेठजींच्या गाडीपर्यंत. "आठे लगून लांबाडना पडी. गाडी दुसरीकडे लावा."
शेठजी गाडीकडं बघत राहिले. "बघू."
म्हटलं, बघा. मी बसलेय.
वाचनालय बंद होईपर्यंत तिथंच बसले, ना वर ना खाली. येणारे-जाणारे बाजूनं पायऱ्या चढत होते. कुणी उचललं नाही.
शेठजी गाडीत बसून गेले. मग हळूहळू मागं आले, माझी मी. उद्या चारला परत जाणार.