मॉरिसचा ठोका

चित्रदुर्गाच्या अलीकडं,
दुपारी

आप्पा, पाया पडतो.

मी बरा हाय. जेवण वेळेवर होतंय, आईला सांगा. तुमची मॉरिस गाडीबी बरी हाय, म्हातारी असून घाट चढली. दमानं कन्याकुमारी गाठतो, ती काय पळून जात न्हाई.

फकस्त सकाळपासनं इंजिनातनं टकटक येतीया. नुसता व्हॉल्व्हचा टॅपेट सैल होऊन वाजत असला तर तसाच पुढं निघतो. बेअरिंग गेलं असलं तर इंजिनच बसंल. हितला मेकॅनिक नुसता बॉनेटवरनं हात फिरवतोय. मला एका जागी बसवंना, सारखी चालू करतोय आन् बंद करतोय.

कुपवाडच्या गॅरेजात तुमी डोळं मिटून नुसत्या आवाजावर गाडीचं दुखणं सांगायचा. आता फोनवर माझं बोलणंबी तुमाला ऐकू येत न्हाई. कानाची मशीन लावता का, का अजून कपाटातच हाय?

म्हणून हे लिहून साक्षीताईच्या मोबाईलवर फोटो धाडतोय. तिला तुमच्या पाठीवर बोटानं वाजवाय सांगा: एकसारखं टक, टक, टक, आन् एक्सलेटर सोडला की एक ठोका जड. तो जड ठोका मुठीनं मारू दे.

डोळं मिटा, आप्पा. मग सांगा, पुढं जाऊ का माघारी फिरू.

गाडीपाशीच उभा असलेला,
तुमचा जयराज