दसऱ्याला घासलेलं इंजिन

बाबा, तुमच्या रेवसच्या लाँचवरचे सारंगकाका आज दुपारी त्यांनी सांगितलेलं मॉडेल न्यायला आले होते. मी हल्ली नागावला पर्यटकांसाठी होड्यांची छोटी मॉडेलं करते. काकांना तुमचीच लाँच हवी होती, आतल्या इंजिनासकट. लाँच झटपट झाली, पण तुम्ही सांभाळायचात ते काळं, तेलकट इंजिन काही केल्या जमेना. चंदेरी रंग दिला तर खेळण्यातलं दिसे, नुसता काळा दिला तर कोळसा. शेवटी काळ्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं घासली, वर तपकिरी-काळा ऑइल कलर अगदी पातळ करून फासला आणि चिंधीनं पुसला. खाचांत राहिला तेवढा राहू दिला. आणि अहो, बोटाएवढं ते इंजिन एकदम तेलानं ओलं दिसायला लागलं! मी खुशीत काकांपुढे ठेवलं.

काकांनी चष्मा वर केला. "अगदी तसाच हाय गो. तुझा बाप रोज जळक्या तेलानं पुसायचा त्याला. खारा वारा लोखंड खातो ना. एकदाच आळस केला न् नोकरी गेली. दसऱ्यानंतर आठ दिस तेलाचा हात लावला न्हाय. लाँच मागं घ्यायचा रॉड गंजून आवळला, लाँच धक्क्यावर आदळली. इचारलं तर म्हणे, इसरलो."

दसरा! बाबा, त्या दसऱ्याला मी दहा वर्षांची आहे. पूजेआधी, तुम्हाला न सांगता, रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन मी ते इंजिन घासतेय, रॉडमध्ये माझं तोंड दिसेपर्यंत. तुम्ही येता, बघत राहता आणि म्हणता, "झकास केलंस गो बाय." झेंडूचा हार घालता. पुढे आठवडाभर मी रोज कुणी ना कुणी मैत्रीण धक्क्यावर घेऊन येते, माझं चकचकीत इंजिन दाखवायला. तेलानं ते पुन्हा काळं पडलं असतं, म्हणून तेल लावलं नाहीत? माझ्यासाठी? काय म्हणावं तुम्हाला! त्यापेक्षा एक कानफटात ठेवून द्यायची होती. घरी सांगितलंत, लाँचचा कंटाळा आला, आणि मरेपर्यंत लोकांच्या वाडीत नारळ सोलत बसलात. तुमची ती शाबासकी मी आजवर येईल त्याला सांगत आलेय.

जाताना काका म्हणाले, "माणूस लाखाचा, पण तेवढा एकदा आळशी निघाला." खरं कारण अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण मी विचारलं, अजून चहा घेणार का?

काका उद्यापर्यंत गावातच आहेत. सांगायचं त्यांना आहे, आणि लिहीत बसलेय तुम्हाला. कारण तुम्ही मला काही बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे.