आक्कांची म्हैस

मंगळवार, संध्याकाळ

आज मी जिंकले! बीपी तपासून घ्यायला आलेल्या आक्का सहज बोलून गेल्या, "म्हस भणीला दिऊन टाकली, सिस्टर. आता निवांत." निवांत तर या गावात सगळेच म्हणतात. पण दर खेपेला जिचं कौतुक सांगतात, ती म्हैस? जिवापाड जपलेलं असं देऊन टाकणं हे धोक्याचं लक्षण, असं आम्हाला शिकवलंय. विचारलं तर नसतं खूळ डोक्यात भरेल का, अशी भीती वाटली. तरी हात धरून सरळ विचारलं, "आक्का, जीव द्यावासा वाटतोय का?"

आक्का रडल्या. "व्हय. कुणी इचारलंच न्हाई बघा."

मग त्यांना एकटं सोडलंच नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं, गडहिंग्लजहून बहीण आली. "तुझी म्हस तू परत ने," म्हणाली.

आक्का डोळे पुसत म्हणाल्या, "न्हेते की. दुसऱ्याच्या हाताला ती पान्हा सोडत न्हाई."